हितगुज आणि संग्राम : होमरच्या एका क्रियापदाचा अर्थविचार

मराठीत बोलण्याच्या नाना छटा दाखविणारे शब्द आहेत. त्यांपैकी ‘हितगुज’ हा शब्द जिवलगांच्या एकांतातील बोलण्यापुरता जणू राखून ठेवला आहे. हितगुज दरबारात होत नाही, बाजारात होत नाही, आणि शत्रूशी तर मुळीच होत नाही. होमरच्या ग्रीक भाषेत या शब्दाच्या अगदी निकट येणारे एक क्रियापद आहे : ‘ओअरिझेइन’. त्याचा संबंध ‘ओअर’, म्हणजे पत्नी, या नामाशी आहे. पत्नीशी बोलावे तसे बोलणे, असा त्याचा अर्थ स्थूलमानाने सांगता येईल. ‘इलियड’ हे युद्धाचे काव्य. त्यात अशा शब्दाला फारसा अवकाश नसावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु हा शब्द व त्याचे सगोत्र शब्द ज्या स्थळी येतात ती पाहिली, म्हणजे युद्ध, प्रीती आणि निरोप यांचे या काव्यातील नाते एका वेगळ्याच बाजूने उघड होते.

प्रथम ‘ओअर’ हे नामच घ्यावे. पाचव्या सर्गात सार्पेडॉन हेक्टरला टोचून बोलतो, तेव्हा ज्यांच्यासाठी लढावयाचे त्या स्त्रियांच्या संदर्भात ते येते. नवव्या सर्गात अकिलीजच्या तोंडी येते, तेही पुरुष बायकांसाठी लढतात हे सांगताना. म्हणजे पत्नीवाचक हा शब्द दोन्ही ठिकाणी लढाईच्याच बोलण्यात सापडतो. त्यापासून झालेले ‘ओअरिस्टुस’ हे भाववाचक नाम चौदाव्या सर्गात ॲफ्रोडायटीच्या मोहिनी घालणाऱ्या पट्ट्याच्या वर्णनात, प्रीती आणि अभिलाषा यांच्या पंक्तीला बसते. तेथे ते शोभतेही. पण तत्पूर्वी, तेराव्या सर्गात, क्रीटचा राजा आयडोमेनियस हाच शब्द आघाडीवरच्या योद्ध्यांच्या भिडण्याला लावतो. आणि सतराव्या सर्गात खुद्द हेक्टर आपल्या साहाय्यकांना सांगतो की, शत्रूवर सरळ चालून जावे, मग मरण येवो वा जीव वाचो, युद्धाचे ‘ओअरिस्टुस’ ते हेच. युद्धाचे हितगुज!

जवळ येण्याचे शब्द प्रेमाला आणि वैराला सारखेच उपयोगी पडावेत, हे भाषाभ्यासकाला नवे नाही. संस्कृतात ‘समर’ म्हणजे मुळात एकत्र येणे, आणि ‘संयुग’ म्हणजे जोडले जाणे. दोहोंचा अर्थ युद्ध. मराठीत ‘गाठीभेटी’ प्रेमाच्या, ‘लग्नगाठ’ मंगल, आणि ‘गाठ माझ्याशी आहे’ ही मात्र धमकी. प्रतापगडाखाली १६५९ साली जे घडले त्यालाही मराठी माणूस अफझलखानाची ‘भेट’ असेच म्हणतो. तथापि यात एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. ‘समर’ उच्चारताना मूळ अर्थ कोणाच्या मनात जागा नसतो. ते रूपक केव्हाच गोठून गेले आहे. ‘ओअरिस्टुस’ मात्र अजून उबदार आहे. होमरचा श्रोता ॲफ्रोडायटीच्या पट्ट्यातही तोच शब्द ऐकत होता.

आता सहाव्या सर्गातील तो सुप्रसिद्ध प्रसंग. रणातून काही वेळापुरता नगरात आलेला हेक्टर घरी जातो, तो अँड्रॉमाकी तेथे नाही. ती लढाई पाहण्यासाठी बुरुजाकडे धावली आहे. दोघांची भेट होते ती स्कीअन वेशीशी, म्हणजे घर आणि रण यांच्या नेमक्या सीमेवर. ती त्याचा हात हाती घेऊन बोलू लागते. तिच्या पित्याला व सातही भावांना अकिलीजने मारले आहे. आईही उरलेली नाही. म्हणून आता पिता, माता, बंधू आणि पती ही चारही नाती तिच्यापुरती एकाच माणसात येऊन ठेपली आहेत. हे सांगून ती थांबत नाही. रानअंजिराच्या झाडापाशी तट दुबळा आहे, सैन्य तेथे उभे करावे, असा लष्करी सल्लाही ती देते. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा थोर पंडित अरिस्टार्कस याला या ओळी खटकल्या. स्त्रीने सेनापतीला डावपेच शिकवणे अनुचित, म्हणून त्याने त्या प्रक्षिप्त ठरविल्या. अरिस्टार्कसचा अधिकार मोठा, पण येथे त्याचा कान चुकला असे म्हणणे भाग आहे. ज्या स्त्रीचे सर्वस्व तटाच्या एका दुबळ्या भागावर अवलंबून आहे, तिच्या हितगुजात तो तट येणारच. नवऱ्याला जवळ ठेवण्याची दुसरी कोणती युक्ती तिला सुचावी?

हेक्टरच्या उत्तरात आश्वासन नाही. मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. हेक्टर असे काहीच म्हणत नाही. ट्रॉयचा नाश होईल, पत्नी परक्या घरी पाणी वाहील, हे तो तिला स्पष्ट सांगतो. मग मुलाकडे हात पसरतो, तर शिरस्त्राणावरचा तुरा पाहून मूल भिऊन दाईला बिलगते. आईबाप हसतात, हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो. अखेर तो तिला माग आणि चाती सांभाळण्यास घरी पाठवतो, आणि ती पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत निघते. हे सर्व झाल्यावर, पॅरिस हेक्टरला येऊन गाठतो तेव्हा, कवी जाता जाता एवढेच म्हणतो की, हेक्टर पत्नीशी जेथे बोलत होता तेथून तो निघण्याच्या बेतात होता. ‘बोलत होता’ यासाठी क्रियापद आहे ‘ओअरिझेइन’. मृत्यू, दास्य आणि तटाची दुबळी बाजू यांविषयीच्या त्या संभाषणाला कवीने हितगुज हे नाव दिले आहे.

हेच क्रियापद पुन्हा भेटते ते बाविसाव्या सर्गात. वेस तीच. हेक्टर बाहेर एकटा उभा आहे, अकिलीज येत आहे. ढाल व शिरस्त्राण खाली ठेवावे, भाला तटाला टेकवावा आणि हेलेन परत देण्याचे बोलणे लावावे, असे क्षणभर त्याच्या मनात येते. पण शिरस्त्राण खाली ठेवणे मुलापुढे शक्य होते, अकिलीजपुढे नाही. कुमार आणि कुमारी बोलत बसतात तसे याच्याशी बोलता येणार नाही, हे तो जाणतो. आणि हे जाणताना ‘ओअरिझेइन’ दोनदा येते, ‘कुमारी आणि कुमार’ हे शब्दही लागोपाठ दोनदा येतात. मरणाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या वीराचे मन त्या शब्दापाशी अडखळून रेंगाळते. ज्याने युद्धालाच हितगुज म्हटले होते, त्याला त्या रूपकाचा खोटेपणा येथे कळतो.

वेशीवरचा प्रसंग आपण निरोप म्हणून वाचतो. वस्तुतः सातव्या सर्गात हेक्टर नगरात परततो. त्यानंतर पतिपत्नींची भेट झाली असेल किंवा नसेल, कवीने ती दाखविलेली नाही. तो प्रसंग अखेरचा ठरतो तो श्रोत्यांसाठी. चोविसाव्या सर्गात शवापाशी विलाप करताना अँड्रॉमाकीची तक्रार हीच आहे की, त्याने मरताना शय्येवरून हात पुढे केला नाही, रात्रंदिवस आठवत राहावे असे एखादे वचन मागे ठेवले नाही. सहाव्या सर्गातले सारे बोलणे तिच्या हिशेबी निरोपात जमा होत नाही. हितगुज करणाऱ्याला हे शेवटचे आहे असे वाटत नसते.

हेक्टरला जे अशक्य वाटले ते एका आधुनिक कवीने घडवून आणले. विल्फ्रेड ओवेन हा इंग्रज कवी पहिल्या महायुद्धात लढत असताना ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे युद्धविरामाच्या एक आठवडा आधी, पंचविसाव्या वर्षी मारला गेला. ‘द सेंड-ऑफ’ या त्याच्या कवितेत आघाडीवर निघालेल्या सैनिकांना आगगाडीत चढवून पाठवले जाते. फुले मिळतात, पण कोणाचे कोणाशी बोलणे होत नाही. वेशीवरच्या त्या संभाषणाची जागाच तेथे रिकामी आहे. बोलणे होते ते ‘स्ट्रेंज मीटिंग’ या कवितेत, आणि तेही मेल्यावर. युद्धातून निसटून एका खोल अंधाऱ्या भुयारात आलेल्या सैनिकाला एक मृत पुरुष ओळखतो, आपले न जगलेले आयुष्य त्याच्यापाशी उघड करतो, आणि शेवटी सांगतो की, तुझ्याच हातून मी मेलो. असे सांगताना तो त्याला मित्र म्हणतो, आणि दोघांनी आता झोपावे असे सुचवतो. ओवेनपुढे हेक्टरचा प्रसंग होता, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु ‘ओअरिझेइन’ हे क्रियापद या संभाषणाला अचूक लागू पडते.

कवितेतील यमकांकडेही लक्ष द्यावे. ओवेन पूर्ण यमक टाळतो. व्यंजने तीच ठेवून तो मधला स्वर बदलतो. मराठीत ‘वार’ आणि ‘वीर’ यांची जोडी लावावी तसे. शब्द एकमेकांच्या अगदी निकट येतात, कान जुळणीची वाट पाहतो, आणि स्वर दुसराच निघतो.