डाव्या अंगाचे आटे

आमच्या घरी मोटार आहे असे म्हटले, की ऐकणाऱ्याचा गैरसमज होतो. दांडिया बाजारातील आमच्या घराच्या मागील अंगणात, पत्र्याच्या छपराखाली उभी असलेली ही मोटार म्हणजे १९५० सालची स्टुडबेकर चँपियन. तिच्या नाकावर विमानाच्या पंख्याच्या टोपीसारखा गोल फुगा आहे, आणि गल्लीतील मुले तिला अजूनही ‘विमान’ म्हणतात.

ती आमच्याकडे आली ती हौसेने नव्हे. माझे वडील, कै. अण्णा, पंधराव्या वर्षी आजोबांच्या मागे सतार घेऊन दरबारच्या कलावंत कारखान्यात उभे राहिले, आणि तीनच वर्षांनी, १९४९ साली, बडोदे संस्थान विलीन झाले. पुढे उभा जन्म त्यांनी शिकवण्यांवर काढला. एका सरदार घराण्यातील दोघी मुलींना ते वर्षानुवर्षे शिकवीत होते. बिदागी थकत गेली. १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यावर असली थोरली अमेरिकन गाडी पोसणे कोणालाच परवडेना. तेव्हा पुढच्या वर्षी त्या घरच्या बाईसाहेबांनी संकोचत गाडीची किल्ली अण्णांच्या हातावर ठेवली. लोक हसले. अण्णांनी मात्र सतारीइतक्याच निगुतीने ती गाडी जपली, आणि दरसाल गंगादशहऱ्याला आईला तीतून चांदोदला नर्मदास्नानास नेण्याचा नेम ठेवला.

मी त्यांचे शेंडेफळ. अण्णांना जाऊन वर्ष होत आले तेव्हा आई एवढेच म्हणाली, “वर्षश्राद्धाला चांदोदला जाऊ. त्याच गाडीनं.”

निघण्याच्या पंधरवडाभर आधी ब्रेक पाहावेत म्हणून मी चाके काढावयास बसलो. उजव्या अंगाची दोन्ही चाके सरळ निघाली, आणि मला वाटले, आपल्याला हे जमते आहे. मग डावीकडचे पुढचे चाक घेतले. नट हलेना. गंज धरला असेल म्हणून तेल सोडले, पान्याला हातभर लांब नळी लावली आणि तीवर उभा राहिलो. कुरकुर झाली, अधिक बारीक कुरकुर झाली आणि ‘कट्’ असा आवाज होऊन स्टड तुटला. तरीही मी गंजालाच दोष दिला आणि दुसराही तोडला.

चाकाचे नट ज्यावर बसतात त्या आटे पाडलेल्या खिळ्याला स्टड म्हणतात. या गाडीच्या प्रत्येक चाकाला असे पाच असतात. धावत्या गाडीचे चाक जागच्या जागी राहते ते या बोटाएवढ्या पाच तुकड्यांच्या जोरावर.

आता नवे आणावेत कोठून? स्टुडबेकर हे मूळचे घोड्याच्या गाड्या बांधणारे घराणे. १८५२ साली अमेरिकेत साउथ बेंड येथे त्यांनी दुकान मांडले. तेथील मोटारींचा कारखाना १९६३ च्या डिसेंबरात बंद पडला, आणि कॅनडातून शेवटची मोटार १९६६ च्या मार्चमध्ये बाहेर पडली. गावात विचारले तर एकाने बारा मिलिमीटरचे स्टड दाखविले. ते आमच्या अर्ध्या इंचाच्या नटात सैल डुलत. दुसरा म्हणाला, तुटलेला तुकडा वेल्डिंगने जोडून देतो. अखेर कोणीतरी मकरपुऱ्याच्या एका लेथवाल्या चाचांकडे पाठविले.

चाचा सत्तरीचे. त्यांनी तुटका तुकडा रॉकेलने पुसला आणि दातेरी पात्यांची एक जुडी काढून एकेक पाते आट्यांवर लावून पाहिले. “अर्धा इंच, इंचाला वीस,” ते पुटपुटले. मग तुकडा उजेडाकडे धरून हसू लागले. “मास्तर, आंटा ऊंधा छे!”

आटे उलटे होते. तुकड्याच्या टोकावर ‘एल्’ हे अक्षर कोरलेले होते. गंजाखाली ते मला दिसले नव्हते. चाचांनी हात फिरवून समजावले. गाडी पुढे जाताना डावे चाक, डाव्या बाजूने पाहिले तर, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. साधा नटही त्याच दिशेने सुटतो. चाकाच्या फिरण्याने नट ढिला होईल या भीतीने कित्येक जुन्या कारखान्यांनी डाव्या अंगाला उलटे आटे ठेवले. निमुळत्या बैठकीचा नट नीट आवळला की तसा सुटत नाही, हे पटल्यावर ती पद्धत मागे पडली.

म्हणजे नळीवर उभा राहून मी नट सोडवीत नव्हतो, आवळीत होतो! घरी येताना मला ती कुरकुर आठवत राहिली. तार चढते तसा सूर चढतो, हे मी पोरांना रोज शिकवतो. पान्याखालचा आवाज चढत होता आणि वीस वर्षे कान तयार करणाऱ्या या शिक्षकाला तो ऐकू आला नव्हता.

चाचांना मी म्हटले, “तुम्हीच दोन बनवून द्या.” त्यांनी मान हलविली. “डावे आटे कापून देईन, पण चाकाला लावू देणार नाही.” आटा कापला की पोलादाचे धागे तुटतात. कारखान्यात तो दाबून उठवतात, म्हणून मजबूत राहतो, आणि पोलादाला नेमके पाणीही द्यावे लागते. वेल्डिंगचे नाव काढताच तर ते रागावलेच. आच लागून स्टड ठिसूळ होतो आणि भर रस्त्यात दगा देतो. “जीपवाल्याला विचारा,” ते म्हणाले. “जुन्या विलीज जीपलाही हाच अर्धा इंच, हेच वीस, आणि डावीकडे उलटे.”

महिंद्रांनी आपल्याकडे विलीज जीपची जुळणी केली, त्यामुळे या देशात त्या जीपा अमाप झाल्या आणि त्यांचे सुटे भागही टिकून राहिले. मुंबईस ऑपेरा हाऊसच्या बाजूच्या दुकानांतून हिंडताना तिसऱ्या दुकानातील म्हाताऱ्याने काही न विचारता खण ओढला आणि तेलकट कागदातील पुडा पुढे ठेवला. टोकावर तेच अक्षर! चाचांनी बजावल्याप्रमाणे पाच स्टड आणि पाच नट घेतले. दोन तुटले म्हणजे शेजारचे तिघेही ताणले गेले, असे त्यांचे म्हणणे होते.

बसविण्यातही एक खोच निघाली. या गाडीचा स्टड हबमध्ये नुसता दाबलेला नसतो, त्याचा खांदा रिव्हेटासारखा ठोकून पसरविलेला असतो. ती पसरलेली कडा आधी कापली नाही तर स्टड निघताना भोक मोठे करतो आणि मग नवा त्यात धरत नाही. चाचांनी कडा कापण्यास पोकळ हत्यार घडविले, जीपच्या स्टडचा किंचित जाड खांदा मापाने उतरवला आणि पाचही बसवून दिले. हत्याराचे पैसे मात्र घेतले नाहीत. “ऐसी गाडी अब कहाँ आती है?” एवढेच म्हणाले.

त्याच आठवड्यात अण्णांची नोटेशनची वही चाळताना दोन बंदिशींच्या मध्ये त्यांच्या अक्षरातील ओळ सापडली: ‘डा. अं. उलटे. जोर करू नये.’ चाळीस वर्षे ते पहाटे गाडीशी खटपट करीत आणि मी आत तंबोरा घेऊन बसे. कधी विचारले नाही. पुढच्याच पानावर त्यांची एक बंदिश आहे. तिचा अस्थाईच तेवढा लिहिलेला, अंतऱ्याची जागा कोरी आहे. तोही मी कधी विचारला नव्हता.

ठरल्या दिवशी निघालो. नव्या स्टडचे नट थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तपासावे लागतात, म्हणून डभोईला गाडी उभी केली. बारा वर्षांच्या लेकीच्या हाती पाना दिला. एक सोडून एक असे नट घ्यावयाचे तिला सांगितले. तिने विचारले, “बाबा, कुठल्या बाजूला फिरवू?” मी तोंड उघडण्याआधीच गाडीतून आईचा आवाज आला, “डावीकडचं उलटं असतं गं. आजोबा दर खेपेला म्हणायचे.”

मी थक्क झालो. “आई, तुला ठाऊक होतं?”

“होतं की. तू विचारलंस कुठे?”

नट घट्ट होते. चांदोदला ओरसंग नर्मदेला मिळते तेथे विधी आटोपला. परतताना, आई खिडकीबाहेर पाहत असता, मी त्या बंदिशीचा अस्थाई हळूच गुणगुणलो आणि विचारले, “पुढचं येतं का तुला?” ती बराच वेळ गप्प होती. मग थरथरत्या आवाजात अंतऱ्याची पहिली ओळ तिने म्हटली, अगदी अण्णांच्या वळणाची. दुसरी तिला आठवेना.

ती ओळ मी वहीतील कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. उरलेल्या ओळीसाठी अण्णांच्या जुन्या शिष्यांची दारे आता एकेक करून ठोठावतो आहे.