कानाच्या पडद्याला स्पंजचा टेकू

कानाचा फाटलेला पडदा कापडासारखा शिवता येत नाही. जेमतेम ९ मिलिमीटर रुंदीचा आणि मिलिमीटरच्या सुमारे एक दशांश जाडीचा हा पापुद्रा टाका पेलणार कसा? टिम्पॅनोप्लास्टी या शस्त्रक्रियेत कानशिलाच्या स्नायूवरील पातळ आवरणाचा किंवा कानाच्या कूर्चेचा तुकडा घेऊन तो छिद्रावर बसवला जातो. हा तुकडा, म्हणजेच ग्राफ्ट, जागेवर टिकतो तो मुख्यतः आत-बाहेर भरलेल्या साहित्याच्या आधारावर. डॉक्टर त्याला 'पॅकिंग' म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला सर्वाधिक बेचैन करतो तो हाच भाग. आणि त्याविषयी त्याला सांगितले जाते सर्वांत कमी.

आधाराची गरज का पडते? पडद्यामागे मध्यकर्णाची हवेने भरलेली पोकळी असते. ग्राफ्ट बहुधा उरलेल्या पडद्याच्या आतल्या बाजूने सरकवला जातो. खाली काही नसेल तर तो पोकळीत ढळेल, पडद्याच्या कडेपासून सुटेल. सुरुवातीच्या दिवसांत त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खरवडून ताज्या केलेल्या कडेला तो चिकटून राहिला, तरच त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. म्हणून मध्यकर्णात जिलेटिनच्या स्पंजचे ओले केलेले बारीक तुकडे गादीसारखे पसरतात. रक्तस्राव थांबवण्यासाठी १९४० च्या दशकात शस्त्रक्रियागृहात आलेला हा स्पंज काही आठवड्यांत शरीरात विरघळून जातो. तो काढावा लागत नाही.

त्यातील जिलेटिन पुष्कळदा डुकराच्या कातडीपासून केलेले असते. ज्यांना धर्म वा आहारनियमांमुळे ते नको असेल, त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच विचारणे इष्ट. योगायोग असा, की १६४० साली मार्कुस बांझर या जर्मन वैद्याने पडद्याच्या छिद्रासाठी सुचवलेल्या नळीलाही डुकराच्याच मूत्राशयाचा पापुद्रा लावलेला होता.

स्पंज निर्दोष मात्र नाही. मध्यकर्णाचे अस्तर सोललेले असेल, तर त्याच्या सान्निध्यात तंतुमय ऊतक वाढू शकते. ते नाजूक अस्थिकांना जखडते. पडदा जुळतो, पण ऐकू येणे मनासारखे सुधारत नाही. त्यामुळे अस्थिकांजवळ तो बेतानेच वापरला जातो. हायलुरॉनिक आम्लापासून केलेले साहित्य हा एक पर्याय आहे. अस्तर फारच खराब असेल, तर सिलिकॉनची पातळ चकती ठेवतात. काही शल्यविशारद तर मध्यकर्णात काहीच भरत नाहीत.

कर्णनलिकेतील बाहेरचे पॅकिंग वेगळे. ग्राफ्टवर पुन्हा स्पंज, त्यावर प्रतिजैविक मलम किंवा औषधात भिजवलेली गॉजची फीत. बिस्मथ, आयोडोफॉर्म आणि पॅराफिन यांच्या पिवळ्या लेपाची फीत जुनी आणि आजही वापरात आहे. मात्र पूर्वी कानात ती घातलेल्या व्यक्तीला दुसऱ्या वेळी तिची ॲलर्जी होऊ शकते. कान लाल होऊन खाजतो, सुजतो. पूर्वीच्या शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरांपासून दडवू नये ती यासाठीच. ही फीत साधारण एक ते तीन आठवड्यांनी डॉक्टरच काढतात.

तोवर कान गच्च बंद असतो. शस्त्रक्रियेपूर्वी थोडेबहुत ऐकू येत होते, तेही गेले, असे वाटून रुग्ण धास्तावतो. वास्तविक ध्वनीची वाटच दोन्ही बाजूंनी बुजलेली असते. कधी विरघळू लागलेल्या स्पंजचे तपकिरी कण बाहेर येतात आणि घरचे कोणीतरी काडीला कापूस गुंडाळून सरसावते, नाहीतर कोमट तेलाची वाटी पुढे करते. या दोन्ही गोष्टींनी ग्राफ्टचे नुकसान होऊ शकते. जोराने नाक शिंकरणेही तितकेच घातक, कारण नाकामागून मध्यकर्णात जाणाऱ्या नलिकेतून हवेचा झोत थेट ग्राफ्टवर आदळतो. शिंक आलीच, तर तोंड उघडे ठेवावे. अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा, आत कोंबू नये. विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच.

थोडा रक्तमिश्रित स्राव अपेक्षित असतो. दुर्गंधीयुक्त पू, ताप, वाढती वेदना, गरगरणे किंवा चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे ही लक्षणे मात्र पुढच्या तारखेची वाट पाहण्याजोगी नाहीत. श्रवणचाचणी बहुधा दोन-तीन महिन्यांनी, आतला स्पंज पूर्ण विरघळल्यानंतर, केली जाते.