काकू, माझ्यातच काही कमी आहे का?

मागच्या श्रावणात मंगळागौरीचा कार्यक्रम संपला, बायका पांगल्या, तरी एक मुलगी मागे रेंगाळली. लग्नाला आठ महिने झालेले. खाली मान घालून म्हणाली, "काकू, माझ्यातच काही कमी आहे का हो?"

नवरा अठ्ठावीस वर्षांचा, एमआयडीसीत कामाला, स्वभावानं गरीब. पण रात्री जवळ आला की ऐनवेळी जमत नाही. मग भिंतीकडे तोंड करून झोपतो. हल्ली तर मुद्दाम रात्रपाळी मागून घेतो. सासूबाई "गोड बातमी कधी?" विचारतात, आणि उपासतापास मात्र हिच्या वाट्याला!

मैत्रिणींनो, खरं सांगते, मीही "जरा नटूनथटून राहा गं, होईल सगळं नीट" एवढं सांगून मोकळी झाले. म्हणजे मीसुद्धा दोष तिच्याच ओटीत टाकला. रात्रभर ते टोचत राहिलं. र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं, या विषयांवर उघड लिहिलं म्हणून कोर्टकचेऱ्या सोसल्या. आणि मी, बी.ए. झालेली बाई, चार भिंतींतही बोलू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, ताठरता येते ती त्या भागात रक्त भरल्यामुळे. भीती, धास्ती असली की रक्तवाहिन्या आकसतात. एकदा जमलं नाही की पुढच्या वेळी आधीच धसका, आणि धसक्यामुळे पुन्हा तेच. थकव्यानं, दारूनं एखाद्या वेळी कुणालाही असं होतं. पण वारंवार होत असेल तर तपासून घ्यायचं. तंबाखू रक्तवाहिन्या खराब करते, मधुमेह नसाही. कधीकधी पुढे येणाऱ्या हृदयविकाराची ही पहिली खूण असते, म्हणून तरुण वयातही साखर आणि रक्तदाब बघायचाच.

मी तिला पुन्हा बोलावलं, आधी चुकीची कबुली दिली. नवऱ्याला तयार करायला तिला महिना लागला. तेव्हा कळलं, हायवेलगतच्या तंबूतल्या जडीबुटीवाल्याला त्यानं आठ हजार मोजले होते. शिवाय मित्रानं दिलेल्या गोळ्याही खिशात! या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तर उपयोगी पडतात. पण छातीत दुखण्यावरची नायट्रेटची औषधं चालू असतील तर रक्तदाब एकदम घसरून जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांनी त्याला विचारलं, "पहाटे झोपेतून उठताना ताठरता असते का?" असते, म्हणाला. म्हणजे शरीराचं यंत्र बहुतेक ठीक होतं. रक्ताचे रिपोर्टही चांगले आले. पाहुण्यांनी भरलेलं घर, मित्रांच्या बढाया, मोबाइलवरचे नको ते व्हिडिओ, यांतून पहिल्या रात्रीपासूनच तो परीक्षेला बसल्यासारखा घाबरलेला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, काही आठवडे संबंधाचा प्रयत्नच करायचा नाही. नुसतं जवळ बसा, बोला, हात हातात घ्या. आणि तंबाखू बंद.

मला वाटलं, एवढ्यानं काय होणार? पण तो दर पंधरवड्याला डॉक्टरांकडे जात राहिला. तंबाखू पूर्ण सुटलेली नाही, पुडी अजून कधीतरी सापडते म्हणे.

संक्रांतीला ती तिळगूळ द्यायला आली. मी काही विचारलं नाही. चहा पिता पिता तीच म्हणाली, "काकू, हल्ली ते पहिली पाळी घेतात."