कांदा लागणीत कंबर का धरते? वाफ्यातच करता येण्यासारखे काही बदल

निफाड, चांदवड, येवला भागात उन्हाळ कांद्याची लागण सुरू झाली की सकाळी पिकअप भरून बायांच्या टोळ्या शेतावर जातात. संध्याकाळी उतरताना निम्म्या जणींचा हात कमरेवर असतो. ‘काम म्हटलं की दुखणारच’ असं म्हणून आपण विषय सोडून देतो. खरं तर लागणीत वजन काहीच उचलायचं नसतं, तरी कंबर धरते. कारण शरीर तासन्‌तास एकाच स्थितीत अडकून राहतं.

जरा हिशोब करा. 15 बाय 10 सेंटिमीटरवर लावलं तर एका चौरस मीटरला 66 रोपं बसतात. वाफ्यांचे बांध आणि पाट सोडले तरी एकराला दोन लाखांच्या वर रोपं जातात. प्रत्येक रोप अंगठ्यानं चिखलात दाबायचं, आणि तेही वाकूनच.

आपल्या मणक्यांच्या मध्ये मऊ गाद्या असतात. स्वीडनचे हाडांचे डॉक्टर आल्फ नाचेमसन यांनी 1960 च्या दशकात माणसाच्या गादीत सुई घालून तिथला दाब प्रत्यक्ष मोजला. सरळ उभं असताना दाब 100 धरला, तर थोडं पुढं वाकल्यावर तो 150 च्या आसपास जातो. दोन्ही हातांत वजन घेऊन वाकलं की 220 च्या घरात.

दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बराच वेळ वाकून राहिलं की पाठीचे पट्टे रबरासारखे ताणून ढिले पडतात, आणि उभं राहिल्याबरोबर लगेच पूर्ववत होत नाहीत. अशा वेळी कोणी हाक मारली, ‘अहो, जरा ही गोणी उचलू लागा’, आणि आपण वाफ्यातून उठून थेट 50 किलोला हात घातला, की चमक भरलीच म्हणून समजा. म्हणून वाफ्यातून उठल्यावर आधी दोन-चार मिनिटं बांधावर चाला, मगच जड उचला.

आता थांबायचं कसं, हा खरा प्रश्न. काम उक्तं असतं. एकराचे पैसे ठरलेले, जी थांबेल ती मागं पडणार. ‘दर अर्ध्या तासानं विश्रांती घ्या’ हा सल्ला शहरातल्या ऑफिसला ठीक आहे, इथं कोण घड्याळ बघतं? त्यापेक्षा जुडी धरा. हातातली रोपांची जुडी संपली की पुढची घेण्याआधी सावकाश पूर्ण उभं राहायचं, दोन्ही हात कमरेच्या मागं टेकवायचे आणि तीन-चार वेळा हळूच मागं झुकायचं. अर्धा मिनिटही जात नाही. मागं झुकताना पायात कळ गेली तर मात्र ते करू नका, नुसतं चाला.

लावतानाही एक करता येतं. डाव्या हातात जुडी असते, तर त्याच हाताचं कोपर डाव्या मांडीवर टेकवा. वरच्या अंगाचा बराचसा भार मांडीवर जातो, कंबर हलकी होते. कोणी वाकून लावतं, कोणी उकिडवं बसून. दोन्हींत चांगलं कोणतं, असं विचाराल तर एकच धरून बसणं वाईट. एक वाफा वाकून, पुढचा उकिडवं बसून. गुडघे दुखत असतील तर उकिडवं कमी करा. जमीन कोरडी असेल तिथं गोणपाटाची घडी ठेवून एक गुडघा टेकवा.

टोळीनं मिळून ठरवलं तर याहून मोठा फरक पडतो. रोप उपटणं, वाहून आणणं आणि लावणं ही तीन वेगळी कामं आहेत. बहुतेक टोळ्यांत दिवसभर जी ती आपल्याच कामावर असते. तासा-दीड तासानं आलटून-पालटून केलं तर कंबरेला चालण्याची सुट्टी मिळते, आणि कामही अडत नाही. मुकादमांनी एवढं मनावर घ्यायला हरकत नाही.

पुढं काढणीला गोणी येतेच. ती दोघांनी उचला, गुडघ्यात वाकून, अंगाशी धरून. ट्रॉलीकडं वळताना कंबर पिळू नका, पाय फिरवा.

बऱ्याच जणी सकाळीच किराणा दुकानातली अंगदुखीची गोळी घेऊन निघतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या उपाशीपोटी रोज घेतल्या तर पोटात जखम होऊ शकते. उन्हात पाणी कमी प्यायलं असेल तर किडनीवरही ताण येतो. बीपी, शुगरवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत. आठवडाभर अंथरूण धरणंही उपयोगाचं नाही. एक-दोन दिवस आराम ठीक, नंतर हळूहळू चालणंच बरं करतं.

दुखणं गुडघ्याखाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा रात्रीही कळ थांबत नसेल, तर लचक काढणाऱ्याकडं न जाता ग्रामीण रुग्णालयात दाखवा. पाऊल उचलताना पाय घसटत असेल, बसायच्या जागी बधिरपणा आला असेल, लघवी अडली असेल किंवा आवरत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी 108 ला फोन लावा.