सिंगल आहे... माझी किडनी!

माणसाला किडन्या किती? शाळेच्या पुस्तकातलं उत्तर, दोन. माझ्याकडे जन्मापासून एकच आहे, उजवी. कळलं २३व्या वर्षी, पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत.

वाटलं, आपण एकदम दुर्मीळ केस! तसं काही नाही. साधारण हजारात एक जण असा जन्मतो, आणि गायब असते ती उजवीपेक्षा डावी थोडी जास्त वेळा. आईच्या पोटात एका बाजूची किडनी तयारच होत नाही. मग दुसरी आकारानं वाढते आणि दोघींचं काम एकटी ओढते. म्हणून अनेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

अंजू बॉबी जॉर्ज आठवते? २००३च्या पॅरिस वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये लांब उडीचं ब्राँझ जिंकणारी. हे यश एका किडनीवर मिळवलं, असं तिनं २०२०मध्ये सांगितलं, तेव्हा मला जाम भारी वाटलं होतं.

मग प्रॉब्लेम काय? गाडी मस्त चालते, पण स्टेपनी नाही. वर्षानुवर्षं जादा काम करून काहींचं बीपी वाढतं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, किडनी हळूहळू थकते. आणि हे सगळं गुपचूप! काही दुखत नाही, खुपत नाही. टेस्ट केली तरच कळतं. त्यात डेडलाइनच्या दिवसांत डोकं ठणकलं की शेजारच्या डेस्कवरून येणारी पेनकिलर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या मी हातही न लावता परत करते.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट. गर्भात किडनी आणि गर्भाशय यांची घडण एकमेकांशी जोडलेली असते. त्यामुळे काहीजणींच्या गर्भाशयाची ठेवणही वेगळी असते. ते गायनॅककडून एकदा तपासून घ्यायचं, आणि प्रेग्नन्सीत बीपीवर जास्त लक्ष ठेवायचं.

घरी मात्र वेगळंच टेन्शन. ‘स्थळांना सांगायचं का गं?’ आईचा प्रश्न. ‘मुळीच नाही,’ मावशीचा निकाल. मी सांगते. एका मुलानं ऐकलं, कॉफी संपवली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरून फोन आला, पत्रिका जुळत नाही! दुसऱ्यानं विचारलं, ‘मग डोकं दुखलं तर तुला कुठली गोळी चालते?’

या रविवारी त्याला पुन्हा भेटतेय.

तुमचीही एकच आहे?

• वर्षातून एकदा बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन तपासा.
• पेनकिलर मनानं घेऊ नका. कुठल्याही डॉक्टरांना आधी ‘एकच किडनी आहे’ हे सांगा.
• मीठ कमी, वजन आटोक्यात, सिगारेट बंद.
• लघवीला जळजळ, ताप किंवा उलट्या-जुलाब अंगावर काढू नका.
• पोटाला-कमरेला मार बसेल असे खेळ डॉक्टरांना विचारूनच खेळा.