अंतराळवीरांनाही खुर्ची लागते

येत्या जुलै महिन्यात कझाकस्तानातील बैकानूर येथून सोयुझ एमएस-२९ हे रशियन अवकाशयान तीन माणसांना घेऊन निघावे, असे नियोजन आहे. प्योत्र दुब्रोव्ह आणि अ‍ॅना किकिना या दोन रशियन अंतराळवीरांबरोबर त्यात नासाचे अनिल मेनन असतील. मेनन यांचे वडील भारतीय, आई युक्रेनची. ते आपत्कालीन वैद्यकाचे डॉक्टर आहेत. शिष्यवृत्तीवर एक वर्ष भारतात राहून त्यांनी पोलिओ लसीकरणाच्या कामाचा अभ्यास केला आणि त्या कामाला हातभारही लावला. अंतराळस्थानकात त्यांचा मुक्काम सुमारे आठ महिन्यांचा असेल.

आरोग्याच्या पाक्षिकात अग्निबाणाची कथा कशाला, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. पनवेलमध्ये मी पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवते आहे. माझ्या हातून घरातच घडलेली एक चूक मला या यानाच्या इतिहासामुळे नीट उमगली. तीच चूक आपल्याही घरी घडू शकते, म्हणून हा लेख.

१९८४ चा एप्रिल

आपल्यापैकी अनेकांना तो आठवडा आठवत असेल. गुढीपाडवा आदल्या दिवशीच झाला होता. ३ एप्रिल १९८४ रोजी, आपल्याकडे संध्याकाळ असताना, सोयुझ टी-११ मधून राकेश शर्मा अवकाशात गेले. त्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या कृष्णधवल दूरचित्रवाणी संचासमोर आम्ही वीस-पंचवीस जण दाटीवाटीने बसलो होतो. वरून भारत कसा दिसतो, हा इंदिरा गांधींचा प्रश्न आणि शर्मांनी इक्बाल यांच्या गीतातील ओळीने दिलेले उत्तर ऐकताना माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, डोळ्यांत पाणी आले होते. मी तेव्हा बारा वर्षांची होते.

त्या यानात शर्मांच्या शेजारी कोण बसले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. कमांडर होते युरी मालिशेव्ह आणि उड्डाण अभियंता होते गेनादी स्त्रेकालोव्ह. हे स्त्रेकालोव्ह जेमतेम सहा महिन्यांपूर्वी मरणाच्या दारातून परतले होते. २६ सप्टेंबर १९८३ रोजी ते व्लादिमिर तितोव्ह यांच्यासह उड्डाणाच्या तयारीत असताना अग्निबाणाच्या तळाशी आग लागली. आगीत तारा जळाल्या, त्यामुळे स्वयंचलित यंत्रणेला इशारा मिळेना. अखेर नियंत्रण कक्षातून रेडिओद्वारे आज्ञा गेली आणि यानाच्या टोकावरील बचाव मनोऱ्याच्या छोट्या अग्निबाणांनी दोघांना त्यांच्या कुपीसह उचलून सुमारे चार किलोमीटर दूर नेले. पाठोपाठ मूळ अग्निबाणाचा मंचावरच स्फोट झाला. दोघेही वाचले आणि स्त्रेकालोव्ह सहा महिन्यांत पुन्हा त्याच प्रकारच्या यानात बसले.

अपघातांतून घडलेले यान

सोयुझचा वारसा असाच घडला आहे. सर्गेई कोरोल्योव यांच्या संस्थेने तयार केलेल्या आर-७ या अग्निबाणाच्या कुळातून १९५७ मध्ये पहिला स्पुटनिक आणि १९६१ मध्ये युरी गागारिन अवकाशात गेले. आजचा सोयुझ अग्निबाण त्याच कुळातला आहे. माणसे वाहून नेणारे सोयुझ यान १९६७ पासून उडते आहे. पण त्याची सुरुवात शोकाची होती. पहिल्याच समानव उड्डाणात मुख्य हवाई छत्री न उघडल्यामुळे व्लादिमिर कोमारोव्ह मृत्युमुखी पडले. जून १९७१ मध्ये सोयुझ-११ परतत असताना हवेचा दाब राखणारी एक झडप अवेळी उघडली आणि दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह व पात्सायेव्ह हे तिघे गुदमरून गेले. कुपी जमिनीवर व्यवस्थित उतरली होती, पण आत कोणी जिवंत नव्हते. दाटीमुळे त्यांना दाबरक्षक पोशाख दिलेले नव्हते.

त्यानंतर काय झाले, ते महत्त्वाचे आहे. प्रत्येकाला उड्डाणाच्या आणि परतीच्या वेळी दाबरक्षक पोशाख सक्तीचा झाला. पोशाखाला जागा लागते, म्हणून पुढची कित्येक वर्षे तिघांऐवजी दोघांनाच पाठवले गेले. यानाची रचना सुधारल्यावरच, १९८० मध्ये, पुन्हा तिघे बसू लागले. १९७१ नंतर आजवर सोयुझच्या उड्डाणात एकही अंतराळवीर दगावलेला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये अग्निबाण वाटेतच बिघडला, तरी त्यातील दोघे सुखरूप उतरले आणि पाच महिन्यांनी पुन्हा अवकाशात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये स्थानकाला जोडलेल्या एका सोयुझमधील शीतक द्रव गळून गेला, तेव्हा अंतराळवीरांना परत आणण्यासाठी दुसरे यान रिकामे वर पाठवण्यात आले. गेल्या नोव्हेंबरात तर यान सुखरूप गेले, पण बैकानूरच्या मंचाखालील दुरुस्तीची फिरती मचाण कोसळली आणि मंचाचीच डागडुजी करावी लागली.

म्हणजे, काही बिघडणारच नाही असे सोयुझच्या अभियंत्यांनी कधी मानले नाही. बिघडेल, हे धरूनच त्यांनी प्रत्येक आधार आधी बसवला. आसनाचेच पाहा. प्रत्येक अंतराळवीराच्या पाठीचा साचा घेऊन त्याच्या मापाचे अस्तर तयार करतात. राकेश शर्मा टी-११ मधून गेले, पण परतले टी-१० या दुसऱ्या यानातून. अशा अदलाबदलीत ज्याचे अस्तर त्याच्या परतीच्या यानात आधी हलवावे लागते. दुसऱ्याच्या मापाच्या आसनात कोणालाही जमिनीवर आदळू देत नाहीत.

रसायनीचा धागा

या विषयाशी आपल्या परिसराचेही नाते आहे. सोयुझ यानाच्या स्वतःच्या इंजिनांत इंधन जाळण्यासाठी नायट्रोजन टेट्रॉक्साइड वापरतात. आपल्या इस्रोच्या विकास इंजिनालाही तेच लागते. पनवेल-रोहा मार्गावरच्या रसायनी येथे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्यात ते तयार होत असे. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तेथील इतर विभाग बंद करण्याचे ठरवले, पण हा एक विभाग इस्रोच्या हवाली करण्याचा निर्णय घेतला. आपल्या गगनयानासाठी निवडलेल्या चार वैमानिकांनीही २०२० आणि २०२१ मध्ये रशियातील गागारिन केंद्रात प्रशिक्षण घेतले. माणूस पाठवण्याआधी इस्रोने ऑक्टोबर २०२३ मध्ये श्रीहरिकोटा येथे चाचणी घेतली, तीही बचाव यंत्रणेची.

अण्णा रसायनी पट्ट्यातल्याच एका कारखान्यात तीस वर्षे फिटर होते. शिरस्त्राण, हातमोजे, जाड बूट यांच्याशिवाय त्यांनी कधी पाळीवर पाऊल टाकले नाही. निवृत्तीनंतर मात्र न्हाणीघरात आधाराची दांडी बसवू म्हटले की ते म्हणत, "मी काय म्हातारा झालो?" तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते.

माझी चूक

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अण्णांना न्यूमोनिया झाला. औषधांनी ताप उतरला. मी त्यांना बजावले, "अण्णा, पंधरा दिवस पूर्ण विश्रांती. पलंगावरून उठायचे नाही." जेवण पलंगावर, चहा पलंगावर. मला वाटले, मी त्यांची उत्तम काळजी घेते आहे. बाराव्या दिवशी पहाटे ते कोणालाही न उठवता झटकन उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दारापाशी कोसळले. खुब्याचे हाड मोडले.

अवकाशात माणसाचे काय होते, हे मी त्यानंतर वाचले आणि माझी मान खाली गेली. तिथे शरीराचे वजन पायांवर येत नाही. पायांतले रक्त आणि द्रव वर सरकतात, स्नायू बारीक होतात आणि वजन पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का कमी होते. ते टाळण्यासाठी स्थानकावरील माणसे रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. राकेश शर्मांनी तर तिथे पट्ट्यांनी स्वतःला बांधून योगासने केली होती. या बदलांचा अभ्यास जमिनीवर करायचा झाला, तर शास्त्रज्ञ निरोगी स्वयंसेवकांना कित्येक आठवडे पलंगावर झोपवून ठेवतात. कारण पडून राहणे आणि वजनरहित होणे, यांचे शरीरावरील परिणाम पुष्कळसे सारखेच असतात. मी माझ्या वडिलांना नेमके तेच करायला सांगितले होते, आणि तेही व्यायामाशिवाय.

शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टने त्यांना वॉकर धरून उभे केले. मी पंधरा दिवस झोपवायला निघाले होते, त्या माणसाला शस्त्रक्रियेनंतर एका दिवसात उभे राहायचे होते.

अण्णा घरी आल्यावर नातवाने त्यांना मोबाइलवर सोयुझ परतण्याची चित्रफीत दाखवली. गवताळ मैदानात कुपी उतरते. मदतनीस एकेका अंतराळवीराला उचलून बाहेर काढतात, खुर्चीत बसवतात, अंगावर पांघरूण घालतात, डॉक्टर नाडी पाहतात. अण्णांनी विचारले, "यांना काय झालंय?" मी म्हटले, "काही नाही. बरेच महिने पायांवर वजन नव्हतं, म्हणून एकदम उभं राहता येत नाही." ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढी धडधाकट माणसं, आणि खुर्चीत बसायला लाजत नाहीत." काठी त्यांनी नंतर घेतली. पाहुणे आले की अजूनही ती दारामागे ठेवतात, हेही सांगायला हवे.

आपल्या घरासाठी

आजारपणात विश्रांती हवीच, पण ती किती दिवस आणि त्यात हालचाल किती, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्यांची मनाई नसेल, तर आजारी माणसाने दिवसातून अनेकदा उठून बसावे, जेवण खुर्चीत घ्यावे, आधाराने चार पावले चालावे. पडल्यापडल्याही घोटे वरखाली हलवावेत, गुडघे वाकवावेत.

उठताना तीन टप्पे पाळा. आधी कुशीवर वळून पलंगाच्या कडेला पाय सोडून बसा आणि एक-दोन मिनिटे थांबा. मग आधार धरून उभे राहा व क्षणभर तिथेच थांबा. गरगरले नाही, तरच पाऊल टाका. गरगरले तर पुन्हा बसा. उठताना असे वारंवार होत असेल, तर डॉक्टरांकडून झोपून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्या. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याकडे लक्ष द्यावे लागते. रक्तदाब, प्रोस्टेट, झोप यांवरची काही औषधे त्याला कारण असू शकतात. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

काठी मापाचीच हवी. पायात नेहमीची पादत्राणे घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. ज्या पायात दुखणे वा अशक्तपणा आहे, त्याच्या विरुद्ध हातात ती धरावी. आजोबांची जुनी काठी आजींना चालेलच, असे नाही.

न्हाणीघरात आणि शौचालयात भिंतीत पक्की बसवलेली दांडी हवी. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा, वाटेतली पायपुसणी उचला आणि हाताशी घंटा किंवा फोन असू द्या. रात्री हाक मारणे हा त्रास नव्हे, हे घरातल्यांनी ज्येष्ठांना आपणहून सांगावे. अण्णांनी त्या पहाटे मला उठवले नाही, कारण मी दवाखान्यातून थकून आले होते.

आणि पडण्याचा प्रसंग आलाच, तर घाईने ओढून उभे करू नका. जांघेत किंवा खुब्यात तीव्र वेदना असेल, पायावर भार देता येत नसेल, पाय आखूड वा बाहेर वळलेला दिसत असेल, तर न हलवता रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागला असेल आणि माणूस रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर बरे वाटत असले तरी लगेच रुग्णालयात न्या.

जुलैत यान निघेल तेव्हा आपण सर्व जण ते पाहूच. अण्णांनी नातवाला आताच सांगून ठेवले आहे की त्यांना उड्डाणापेक्षा परतणे पाहायचे आहे. आठ महिन्यांनी ती कुपी मैदानात उतरेल, तेव्हा आपणही घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवून ते दृश्य दाखवा. डॉक्टर असलेल्या मेनन यांनाही त्या दिवशी कोणीतरी हाताला धरूनच खुर्चीत बसवेल.