क्वेन्या : एका कल्पित भाषेचे खरे व्याकरण

ज्या भाषेत कोणा मातेने अंगाई म्हटली नाही, जिच्यात कोणत्या दरबाराचे फर्मान निघाले नाही आणि जिच्या भाषिकांची नोंद कोणत्याही शिरगणतीच्या दप्तरात सापडावयाची नाही, अशा भाषेचे व्याकरण मराठी वाचकापुढे गांभीर्याने मांडावे काय, असे कोणी विचारल्यास प्रस्तुत लेखक निःसंकोच होकार देईल. कारण ती रचणारे जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) हे १९२५ पासून ऑक्सफर्ड येथे प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि शब्द कसे जन्मतात, झिजतात व बदलतात याच्या अभ्यासात त्यांचे सारे आयुष्य गेले होते. त्यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या ग्रंथातील अमर ‘एल्फ’ जातीची ही प्राचीन, विद्वन्मान्य भाषा म्हणजे क्वेन्या होय.

विद्यार्थिदशेत टॉल्किन यांच्या हाती फिन्निश भाषेचे एक व्याकरण पडले आणि तिच्या नादाने ते इतके भारले गेले, की १९१५ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या भाषेचा पहिला कोश सिद्ध करावयास घेतला. पुढे १९१९–२० मध्ये ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या कचेरीत त्यांनी शब्दांच्या व्युत्पत्ती लावण्याचे काम केले. परंतु ज्या कथांनी त्यांना जगभर कीर्ती दिली त्या त्यांच्या मते भाषांना नांदावयास जग हवे म्हणून निर्माण झाल्या होत्या, हे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे.

फिन्निशमध्ये ‘तालो’ म्हणजे घर आणि ‘तालोस्सा’ म्हणजे घरात. याच धर्तीवर क्वेन्यातील ‘किर्या’, म्हणजे नौका, हा शब्द चालवून पाहावा: ‘किर्यास्से’ नौकेत, ‘किर्यान्ना’ नौकेकडे, ‘किर्याल्लो’ नौकेपासून, ‘किर्यानेन’ नौकेने. षष्ठीचा ‘ओ’ लागताना अंत्य ‘आ’चा लोप होऊन ‘किर्यो’ असे रूप सिद्ध होते. अनेक नौका म्हणजे ‘किर्यार’ आणि दोन नौका ‘किर्यात्’. येथील ‘त्’ हा आपल्या सप्तमीचा प्रत्यय नव्हे, तर ज्या द्विवचनाला मराठीने केव्हाच निरोप दिला त्या द्विवचनाची ती खूण आहे. तृतीयेतील ‘नेन’ आणि आपला ‘ने’ यांचे ध्वनिसाम्य पाहून कोणी नाते जुळवू लागेल, तर त्याला वेळीच आवरले पाहिजे. ते साम्य निव्वळ यदृच्छेचे आहे.

क्रियापदाची घडण तितकीच रेखीव आहे. ‘मार्’ म्हणजे राहणे. त्याला भविष्याचा ‘उवा’ आणि ‘मी’चा ‘न’ जोडला, की ‘मारुवान’, म्हणजे ‘मी राहीन’, असे संपूर्ण वाक्य एका शब्दात उभे राहते. ‘तुल्’, म्हणजे येणे, या धातूचे पूर्णवर्तमानकाळी (‘आला आहे’ या अर्थी) ‘उतूलिए’ होते. येथे धातूचाच स्वर शब्दारंभी पुन्हा बसविला आहे, आणि संस्कृतातील द्विरुक्त रूपांची ज्याला ओळख आहे त्याला या रीतीचे मुळीच नवल वाटणार नाही. निरोपाचा ‘नामारिए’ हा शब्द ‘असो’ आणि ‘कल्याण’ अशा दोन अवयवांचा आहे.

सर्वनामांच्या प्रांतात तर मराठी माणसाला घरी आल्यासारखे वाटावे. ज्याच्याशी बोलावयाचे त्याला वगळून ‘आम्ही’ आणि त्याला सामावून ‘आपण’ हा जो भेद इंग्रजीत नाही, तो क्वेन्यात प्रत्ययांनी पाळला जातो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या आवृत्तीत कथानायक फ्रोडो एल्फांना भेटतो तेव्हा त्याच्या अभिवादनात ‘आपल्या भेटीच्या’ या अर्थाच्या पदाचे रूप ‘ओमेंतिएल्मो’ असे होते. पुढे ‘ल्म’ हा प्रत्यय समोरच्याला वगळणारा ठरला, तेव्हा टॉल्किन यांनी १९६० नंतरच्या सुधारित आवृत्तीत ते ‘ओमेंतिएल्वो’ असे बदलले. भेट दोघांची असताना समोरच्याला वगळणारे रूप त्यांना कसे चालावे? एका प्रत्ययासाठी छापलेला मजकूर फिरविणारा हा कादंबरीकार मला विलक्षण आदरणीय वाटतो.

परंतु या भाषेचे खरे मर्म तिच्या अनियमित रूपांत आहे. ‘तालान’ म्हणजे भूमी, आणि तिचे अनेकवचन ‘तालामी’. ‘न’चा ‘म’ का झाला? वस्तुस्थिती उलट आहे: मूळ ‘म’ शब्दान्ती टिकत नाही म्हणून एकवचनात ‘न’ झाला, आणि प्रत्ययाचा आश्रय मिळताच तो पुन्हा प्रकट झाला, आपल्या ‘वाक्’ व ‘वाचः’ यांचा दाखला डोळ्यांपुढे ठेवावा. क्वेन्याची भगिनी सिंदारिन हिने वेल्श भाषेचा नाद उचलला. क्वेन्यात ‘आतान’ (मनुष्य) याचे अनेकवचन ‘आतानी’, तर सिंदारिनमध्ये ‘आदान’चे ‘एदाइन’. शेवटची ‘ई’ लुप्त झाली, परंतु जाता जाता मागील स्वरांना रंग देऊन गेली. एका कल्पित मूळ भाषेपासून ठराविक ध्वनिनियमांनी दोन शाखा फुटाव्यात, आणि हे सारे एकाच मनुष्याने एकट्याने करावे, ही गोष्ट साधी नाही.

या भाषांसाठी त्यांनी रचलेली ‘तेंग्वार’ लिपीही आपल्याला परकी वाटू नये. दंत्य, ओष्ठ्य, कंठ्य अशा उच्चारस्थानांनुसार तिचे स्तंभ पाडले आहेत. ‘त’च्या अक्षराचा बाक दुहेरी केला की ‘द’ होतो, आणि उभा दंड वर उचलला की त्याचे घर्षक रूप मिळते. स्वर बहुधा मात्रांप्रमाणे व्यंजनांच्या माथ्यावर चढतात. वर्गवार वर्णमाला घोकूनच लिहावयास शिकलेल्या आपल्या मुलाला ही व्यवस्था रोमन लिपीवर वाढलेल्या मुलापेक्षा लवकर उमगावी, असे मला वाटते.

टॉल्किन यांनी हे व्याकरण शेवटपर्यंत बंद केले नाही. १९१५ चे नियम आणि १९६० नंतरचे नियम अनेक ठिकाणी परस्परविरोधी आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची भाषाविषयक टिपणे ‘पार्मा एल्दालाम्बेरोन’ आणि ‘विन्यार तेंग्वार’ या नियतकालिकांतून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत गेली. त्यामुळे आज क्वेन्यात चार ओळी लिहू पाहणाऱ्याला नित्याच्या व्यवहारातील कित्येक शब्द उपलब्ध धातूंपासून स्वतः घडवावे लागतात, आणि त्याआधी टॉल्किन यांच्या कोणत्या कालखंडातील व्याकरण प्रमाण मानावयाचे, याचा निर्णय करावा लागतो.